कोण कुठे उभा राहतो, ते बघायला या

कोकणातल्या महाविद्यालयांत आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणाऱ्या, त्यात संशोधन करणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका शासकीय आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक, म्हणजे वर्कशॉपमध्ये हातकाम शिकवणारा, होतो. २८ वर्षं मुलांच्या हातात कानस दिली आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. समाजशास्त्र मी कधी शिकलो नाही. माझी पुतणी मुंबईत त्यात एम.ए. करत होती. सुट्टीत घरी आली की ओटीवर बसून ती इंग्रजी पुस्तकं वाचायची आणि वाचलेलं मला मराठीत सांगायची. तेव्हापासून हे पत्र मनात आहे. सांगायचं एवढंच, की आमच्याकडची पोरं काम कशी शिकतात ते बघायला कामाच्या जागी येऊन बसा.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे दोन संशोधक आले होते. सज्जन माणसं होती. हातात चार पानी प्रश्नावली: वडिलांचं शिक्षण, घरचं उत्पन्न, ट्रेड कोणाच्या सल्ल्याने घेतला, प्रशिक्षणाबद्दल किती समाधानी आहात, एक ते पाचपैकी एका आकड्याला गोल करा. मी मुलांना वर्कशॉपमधून उठवून थिअरीच्या खोलीत बसवलं. अर्ध्या तासात गोल करून झाले. एकाने सगळीकडे पाचालाच गोल केला होता. का रे, म्हटलं, तर म्हणाला, "सर, तुमचं नाव खराब नको व्हायला." पाहुण्यांनी चहा घेतला, फोटो काढला आणि ते गेले. वर्कशॉपच्या दारातून ते आत आलेच नाहीत.

आत त्या वेळी काय चाललं होतं ते सांगतो. लवकर मोकळी झालेली दोन मुलं आपल्या व्हाइसवर, म्हणजे काम घट्ट धरणाऱ्या शिकंज्यावर, परत गेली होती. एकाच्या जॉबला, म्हणजे घासायच्या लोखंडी तुकड्याला, मधोमध पोट येत होतं. नवशिक्याची कानस पाळण्यासारखी पुढेमागे डुलते, म्हणून कडा जास्त घासल्या जातात आणि मधला भाग उंच राहतो. गुण्या लावून उजेडाकडे धरला की फट लगेच दिसते. मी हे त्याला फळ्यावर आकृती काढून दोनदा समजावलं होतं. त्या दिवशी शेजारच्या मुलाने त्याच्या पाठीमागे उभं राहून दोन्ही कोपरांना आपले हात लावले, त्याच्याबरोबर आठदहा वेळा कानस ढकलली आणि म्हणाला, "आवाज ऐक. घासताना एकच आवाज यायला हवा." पुढच्या पाऊण तासात ते पोट गेलं. संशोधक ज्या प्रशिक्षणाचा अभ्यास करायला आले होते ते हेच होतं, आणि ते थिअरीच्या खोलीत बसून होते.

त्यांना मी दोष देत नाही. मीसुद्धा बरीच वर्षं हजेरीपट, निकालाची टक्केवारी आणि कंपन्यांची पत्रं यांतच प्रशिक्षण मोजत होतो. पण मी जिथे पहिल्यांदा काम शिकलो त्या जागेची आठवण ठेवली असती तर माझी ही चूक आधीच लक्षात आली असती.

आपल्याकडे गणपतीच्या कारखान्याला 'शाळा' म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. पेणला मोठमोठे कारखाने आहेत, पण आमच्या गावागावांत आजही 'गणपतीची शाळा'च आहे. माझ्या मामाची कुडाळ तालुक्यात अशी शाळा होती. आषाढात लोक आपापले पाट आणून ठेवायचे, पाटाच्या खाली खडूने घराचं नाव लिहिलेलं असायचं. मी सातव्या वर्षी तिथे गेलो. मामा म्हणाला, "आधी माती मळ, मगे बघू." पहिलं वर्ष पाणी आणण्यात आणि शाडूत कापूस घालून कुटण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी उंदीर करायला मिळाले. मग साच्यात माती दाबणं, ओल्या कुंचल्याने अंग सारखं करणं, वाळल्यावर पॉलिश पेपर मारणं, पांढरा हात देणं. पितांबराचा रंग पाचव्या वर्षी मिळाला. डोळ्यांची आखणी मामा एकटाच करायचा, रात्री, बाकीचे घरी गेल्यावर.

त्या वेळी पेट्रोमॅक्सची बत्ती धरायला एक पोर लागायचं. सगळ्या पोरांचा डोळा त्या कामावर असे. बत्ती धरणाऱ्याला मामाच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायला मिळायचं. श्वास रोखून तो कुंचला कसा टेकवतो, पापणीच्या रेघेला कुठून सुरुवात करतो, मूर्ती हलवतो की आपण स्वतः हलतो, हे सगळं त्यालाच दिसायचं. मामाने आखणी 'शिकवली' असं कधीच झालं नाही. "हात कसो हलता तां बघ," एवढंच. आमच्यातल्या ज्या दोघांनी पुढे आखणी केली, ते दोघेही बत्ती धरणारे होते.

पुतणीने जीन लेव्ह नावाच्या बाईंचं काम वाचून दाखवलं तेव्हा मी ओटीवरून उठून उभाच राहिलो. या बाईंनी १९७०च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरिया देशात वाय आणि गोला समाजाच्या शिंप्यांमध्ये राहून त्यांचे उमेदवार कसे शिकतात ते पाहिलं. तिथला नवा पोरगा आधी इस्त्री करतो, बटणं लावतो, हातशिलाईने काठ दुमडतो. मग मशीनवर शिवतो. कापड बेतून कापणं सर्वांत शेवटी. कपडा तयार होताना कापणं पहिलं येतं, शिकण्यात मात्र शेवटचं. का? तर बटण चुकलं तर उसवता येतं, कापड चुकीचं कापलं तर वाया जातं. मामाच्या शाळेत माती मळणं कामातही पहिलं आणि शिकण्यातही पहिलं. आखणी दोन्हीकडे शेवटची. क्रम वेगळा दिसतो, पण दोन्हीकडचा हिशोब एकच आहे: ज्या चुकीची किंमत कमी, ते काम आधी. आणि बटण लावणाऱ्या पोराच्या डोळ्यांपुढे अख्खा कपडा सतत तयार होत असतो, तसाच मातीत हात घालून बसलेल्या माझ्यापुढे अख्खा गणपती घडत होता.

लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ सालच्या पुस्तकात या शिकण्याला जे नाव दिलं, त्याचं मराठी माझी पुतणी 'काठावरचा पण हक्काचा सहभाग' असं करते. मला त्यातला 'हक्काचा' हा शब्द फार मोलाचा वाटतो. त्याच पुस्तकात अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये मांस कापणाऱ्यांचं उदाहरण आहे. तिथल्या उमेदवारांना मांस पाकिटात बांधायच्या यंत्रावर उभं करत. दुकानाची रचना अशी, की तिथून कसबी माणसं मांस कापताना दिसतच नसत. शिवाय प्रशिक्षणशाळेत त्यांना सुऱ्यांना धार लावायला शिकवत, आणि दुकानात धार लावलेल्या सुऱ्या बाहेरून यायच्या. म्हणजे कामाच्या जागी असूनही काम नजरेआड, आणि शाळेत शिकलेलं कामाच्या जागी निरुपयोगी.

हे ऐकताना मला माझा एक विद्यार्थी आठवला. हाताला विलक्षण हलका. फिटरमध्ये चांगल्या गुणांनी पास होऊन तो एका कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून लागला. वर्षभर त्याने खोके भरले, पट्ट्या ताणल्या, लेबलं चिकटवली. मेंटेनन्सची माणसं यंत्र उघडायची तेव्हा सुपरवायझर त्याला म्हणायचा, "तू तुझी लाइन सोडू नकोस." शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ यातलं १८वं कलम सांगतं की उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, म्हणून कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. त्या मुलाला कामगाराचे हक्क नव्हते, कारण तो शिकत होता. आणि शिकायला मिळत नव्हतं, कारण त्याच्याकडून कामगाराचं काम हवं होतं. वर्ष संपल्यावर प्रमाणपत्र मिळालं. सरकारी तक्त्यात तो 'प्रशिक्षण पूर्ण' या रकान्यात आहे. त्याला यंत्रापासून किती फुटांवर उभं केलं होतं, याला रकाना नाही. माझ्याकडे आला तेव्हा तो एकच वाक्य बोलला: "सर, मला कोणी उघडलेलं यंत्र बघूच दिलं नाही."

२०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,०००, पदवीधराला १०,०००, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. पैसे घरात आले, ते लागतच होते. माझ्या माहितीतली एक मुलगी इलेक्ट्रिशियन होऊन या योजनेतून एका कार्यालयात गेली आणि सहा महिने झेरॉक्स काढून, फायली लावून आली. दुसऱ्या एकाला एका छोट्या गॅरेजमध्ये असा मालक भेटला की आज तो स्वतः गाड्यांची वायरिंग करतो. योजना तीच, दोघांचा शिक्का एकच. फरक कशाने पडला, हे सांगणारं काम तुमच्याशिवाय दुसरं कोण करणार? किती मुलं कामाला लागली हे अर्थशास्त्रज्ञ मोजतील, यंत्रसामग्री अपुरी आहे हे आम्ही निदेशक ओरडून सांगू. पण त्या गॅरेजात नव्या पोराला बोनेटपाशी कोणी बोलावलं आणि कार्यालयात टेबलापाशी का थांबवलं, हे बघायला तिथे दोनचार महिने बसणारं माणूस हवं.

आता मामाच्या शाळेची दुसरी बाजूही सांगायला हवी. आम्ही बत्ती धरायला धडपडायचो, तेव्हा बौद्धवाडीतला माझा एक वर्गमित्र खिडकीच्या गजाबाहेर उभा राहून बघायचा. चित्रकलेत तो आमच्या वर्गात पहिला. त्याला आत ये म्हणावं, असं आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नाही. 'येऊ नको' असंही कोणी म्हटलं नव्हतं, कारण तशी वेळच कधी आली नाही. मामाच्या मुलीला खड्यांचे दागिने चिकटवायला मिळायचे, कारण तिची बोटं बारीक. बत्ती तिलाही कधी मिळाली नाही. पिढीजात कारागिरीचं, गुरूच्या हाताखाली शिकण्याचं आपण फार कौतुक करतो. मी स्वतः करतो. पण त्या उबदार खोलीला खिडकी होती आणि तिला गज होते.

माझे वडील मुंबईला गिरणीत विणकाम खात्यात होते. गावच्या एका काकांच्या मागांपाशी काही महिने बिनपगारी उभं राहून ते काम शिकले, मग बदली कामगार म्हणून नाव लागलं. आमच्याकडचे बहुतेक चाकरमानी असेच शिकले: गावकीच्या खोलीत पथारी, गाववाल्याच्या मागावर उमेदवारी, जॉबरची, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमाची, मर्जी. शाळा नव्हती, अभ्यासक्रम नव्हता, तरी लाखो माणसं तयार झाली. पण त्याच विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना घेत नसत. धोट्यातली, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या नळीतली, बॉबिन बदलताना सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि त्यांच्या तोंडचा धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असं इतर कामगारांचं म्हणणं. विणकामात पगार जास्त, म्हणून मजुरीचाही तोटा. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच मंडणगड तालुक्यातलं. गिरणीत भरलेल्या कोकणी माणसांची नाती त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. वडिलांना मी याबद्दल विचारलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आम्ही शिकलो ते गाववाल्यांमुळे. ज्याचो गाववालो आत नाय, तो खंय शिकतलो?" १९८२च्या संपानंतर ते कायमचे गावी आले. हे वाक्य त्यांनी नंतरच्या एका पावसाळ्यात, चुलीपाशी बसून म्हटलं होतं.

म्हणूनच मला आयटीआयचा अभिमान आहे. भिंती गळतात, लेथ जुने आहेत, अभ्यासक्रम उद्योगाच्या मागे आहे, हे सगळं खरं. पण प्रवेशाची यादी भिंतीवर लागते. ज्याचा कोणी गाववाला आत नाही त्यालाही एक व्हाइस मिळतो, त्यावर नंबर असतो, आणि तो दोन वर्षं त्याचा असतो. खिडकीबाहेरचा माझा तो वर्गमित्र आयटीआयमधूनच वेल्डर झाला. त्याच्या वेल्डची रेघ बघितली की मला अजून त्याची शाळेतली चित्रवही आठवते. लेव्हबाईंच्या पुस्तकातले शिंपी वाचून उद्या कोणी म्हणू लागलं की संस्था बंद करा आणि मुलांना सरळ कारखान्यांत पाठवा, तर त्याला आधी ही गोष्ट सांगा.

तुमच्या शास्त्रातली आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटली. अॅन फिलिप्स आणि बार्बरा टेलर या दोघींनी १९८० साली ब्रिटनमधल्या कामांबद्दल दाखवून दिलं की एखादं काम 'कुशल' ठरतं ते बऱ्याचदा काम बघून नाही, ते करणारं माणूस बघून. वेंगुर्ला, सावंतवाडी भागातल्या काजूच्या कारखान्यात एकदा जाऊन बसा. काजूगराची प्रत आकड्याने सांगतात: डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात २२० ते २४० गर, डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०. समोर ढीग ओतलेला असतो आणि बाई बोटांनी गर वेगळे करत जाते: हा दोनशे चाळीसचा, हा तीनशे वीसचा, हा डागी, हा तुकडा. वजनकाटा नाही, मोजमाप नाही. सोलणाऱ्या बायकांची बोटं काजूच्या तेलाने भाजून काळी झालेली असतात. एका बाईंना मी विचारलं, कसं कळतं? "हाताक कळता," म्हणाल्या. माझ्या फिटरला अचूक मापाचा हात यायला वर्ष लागतं आणि आम्ही त्याला कुशल म्हणून प्रमाणपत्र देतो. त्या बाईंना असं प्रमाणपत्र कोणी दिलेलं नाही, कारण बायकांचे हात मुळातच चपळ असतात असं सगळे धरून चालतात. त्या कोणाकडून शिकल्या, किती दिवस त्यांचे गर परत पाठवले गेले, पहिल्या महिन्यात किती पैसे कापले, कोणी शेजारी बसवून घेतलं, हे सगळं लिहून काढलंत तर 'हलका हात' हा अनेक वर्षांचा सराव आहे हे कागदावर येईल. मजुरी ठरवणाऱ्या समितीपुढे तो कागद ठेवता येईल.

बंदरावर तर तुम्ही पूर्वीच यायला हवं होतं. देवगड घ्या, मालवण घ्या, रत्नागिरीचं मिरकरवाडा घ्या: बोटींवर खलाशी म्हणून नेपाळी मुलं दिसतात. ज्या देशाला समुद्रच नाही, तिथल्या डोंगरात वाढलेली पोरं! पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बंदी उठली की ही मुलं येतात आणि काही महिन्यांत जाळं ओढणं, बर्फ भरणं, मासळीची निवड, लाटेत पाय रोवून उभं राहणं शिकतात. भाषा वेगळी, तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, मालवणीत ओरडतो. कोण शिकवतं त्यांना? आधी आलेला मोठा भाऊ? की दोरीवर शेजारी उभा असलेला माणूस? आणि त्यातल्या किती जणांना सुकाणूपर्यंत जाता येतं? मला वाटतं, फार थोड्यांना. जाळ्यापर्यंतचं शिक्षण सगळ्यांना खुलं आणि सुकाणूचं घरातल्यांना, असं असेल तर ते मामाच्या बत्तीसारखंच झालं. आमच्याच मच्छीमार घरातली मुलं मात्र माझ्याकडे फिटर व्हायला येतात आणि गोव्याला वेर्ण्याच्या कंपन्यांत जातात. यावरून 'कोकणी पोरगा आळशी' असं बोलायला लोक मोकळे. मी त्या मुलांना पहाटे चारला उठून बस पकडताना बघितलं आहे. मुंबईत किंवा गोव्यात जे काम अभिमानाने करतात, तेच गावात करायला लाज का वाटते, हा आळसाचा प्रश्न नाही. तो मनिऑर्डरवर जगलेल्या गावांचा प्रश्न आहे, मानपानाचा आहे, आणि तो उलगडायला तुमचंच शास्त्र हवं.

हजेरीचंही तेच. एप्रिल-मेमध्ये आमची हजेरी कोसळते. आंब्याच्या पेट्या भरायला रोजंदारी मिळते, घरची कलमं असतील तर राखण असते. शिमग्याला पालखी येते तेव्हा आणि गणपतीत कोणीही थांबत नाही. वर पाठवायच्या अहवालात आम्ही 'गैरहजेरी' आणि 'गळती' लिहितो. मी स्वतः कितीतरी मुलांना दटावलं. एकाला नाव कमी करण्याची नोटीस दिली. नंतर कळलं की त्याच्या मेच्या मजुरीवर बहिणीची वर्षाची फी भरली जात होती. त्या नोटिशीवर माझी सही आहे आणि ती मला अजून टोचते. कोणी वर्षभर आमच्याबरोबर राहून गावाचं आणि संस्थेचं असं दोन्ही वेळापत्रक शेजारी शेजारी मांडलं असतं, तर मी व्यवसाय शिक्षण संचालनालयाला सुट्ट्या बदलायला तरी सांगू शकलो असतो.

ज्युलियन ऑर नावाच्या संशोधकाने झेरॉक्स यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर फिरून १९९६ साली पुस्तक लिहिलं. कंपनीने दिलेल्या पुस्तिकेपेक्षा जेवताना एकमेकांना सांगितलेल्या बिघाडांच्या गोष्टींतून ती माणसं जास्त शिकत होती, असं त्यांना दिसलं. आमच्या जेटीवरच्या टपरीत संध्याकाळी डिझेल मेकॅनिक बसतात तेव्हा दुसरं काय चालतं? 'बारा वाव खोल पाण्यात इंजिन बसलं आणि फिल्टरमध्ये काय सापडलं' ही गोष्ट ऐकायला नवी पोरं चहा गार करतात.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला. ते जीवशास्त्रातून आलेले, नगररचनेतले जाणकार. 'स्थळ, काम, लोक' हे तीन शब्द ते नेहमी एकत्र मांडत, आणि डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत जमिनीचा छेद काढून कुठल्या उंचीवर कुठला धंदा उगवतो ते दाखवत: वर खाणवाला आणि लाकूडतोड्या, मध्ये धनगर आणि शेतकरी, खाली कोळी. पुतणीने ती आकृती मोबाईलवर दाखवली तेव्हा मी म्हटलं, अगं, ही तर आंबोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतची वाट आहे! गेडिस यांच्यानंतर त्या विभागाची धुरा गोविंद सदाशिव घुर्ये यांनी सांभाळली. ते १८९३ साली मालवणात जन्मले. इतका जवळचा वारसा असताना कोकणातल्या चिरेखाणी, काजूचे कारखाने, बोटी, गॅरेजं आणि आयटीआय यांत बसून लिहिलेलं मराठी पुस्तक मला माझ्या मुलांच्या हातात देता येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तेव्हा माझं मागणं असं आहे. एम.ए.च्या मुलांचे प्रबंध प्रश्नावलीवर उरकू देऊ नका. त्यांना एका हंगामासाठी एका जागी पाठवा. खुर्चीवर बसवू नका. काहीतरी काम करायला लावा, निदान पाणी आणायला तरी. जो पाणी आणतो त्याला कोणी पाहुणा समजत नाही. रोज संध्याकाळी वहीत लिहू द्या: आज कोण कुठे उभा होता, कोणी कोणाला काय बघू दिलं, चूक झाल्यावर कोण ओरडला आणि कोणी झाकून घेतली. लिहिताना माणसांची नावं झाका. एखाद्या पोराचं बोलणं छापून आलं आणि त्याची जागा गेली, असं होऊ नये. मालकाची परवानगी घ्याच, पण उमेदवाराचीही घ्या, कारण त्याला कोणी कधी विचारत नाही. जे लिहाल ते मराठीत आणून आमच्या वर्कशॉपमध्ये वाचून दाखवा, मुलं काय चुकलं ते तोंडावर सांगतील. आणि व्यवसाय शिक्षण संचालनालयाने कोकणासाठी नवा कोर्स आणायचा ठरवला, की त्या बैठकीला तुम्हीही जा. वही घेऊन जा.

निदेशकांकडून अडचण येणार नाही. माझ्या जुन्या सहकाऱ्यांशी मी बोललो आहे. त्यांची एकच अट आहे, की मुलांना वर्कशॉपमधून उठवायचं नाही.

सुरुवात कुठून करायची असा प्रश्न असेल तर आषाढात या. मामा आता नाही, शाळा मामेभाऊ चालवतो. पाट यायला लागले की मी कळवीन. पेट्रोमॅक्स गेली, एलईडीचा दिवा खुंटीला टांगलेला असतो, तो कोणाला धरावा लागत नाही. गेली तीन वर्षं आखणी मामाची नात करते. तिला विचारा, ती कोणाच्या शेजारी उभी राहून शिकली ते.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक (फिटर)
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग